डॉग पार्क नसलेल्या गावात ब्रुनोला मोकळं कुठे सोडायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ब्रुनो दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर, नर, नसबंदी झालेली नाही. पुण्यात असताना दर रविवारी तुम्ही त्याला डॉग पार्कात न्यायचात. आता बदली होऊन छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात आलात आणि इथे तसली जागा सापडेना. शेजाऱ्यांनी सांगितलं, डोंगराकडे न्या आणि सोडून द्या. तुम्ही सोडलंत, तो तिथल्या कुत्र्यांमागे गेला आणि चाळीस मिनिटं हाका मारूनही आला नाही. आता दोन पर्याय तुमच्या डोक्यात आहेत. एक, पैठण रस्त्यावरचं सासऱ्यांचं शेत. दुसरा, पुढच्या महिन्यात हैदराबादला जाल तेव्हा तिथल्या डॉग पार्कात एक दिवस.

मी पशुवैद्य आहे. परभणीला शिकले, पंचवीस वर्षं मराठवाड्यातच कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. "जागा सांगा" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. पण तुमच्या पत्रातली खरी अडचण ती चाळीस मिनिटं आहेत. डॉग पार्कात कुंपण असतं, त्यामुळे कुत्रा हाकेला येतो की नाही हे कळतच नाही. न येऊन जाणार कुठे? पुण्यात ते काम जाळी करत होती. इथे जाळी गेली आणि उघडं पडलं की ब्रुनोला "ये" हा शब्द येत नाही. यात तुमची चूक मोठी नाही, बहुतेकांचं असंच असतं. पण जागा शोधण्याआधी हे मान्य करून टाका, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आधी डोंगराचा विषय मिटवते. तिकडे सोडू नका. तिथली कुत्री बेवारस दिसतात, पण त्यांची हद्द ठरलेली असते. कोणता नाला कोणाचा, कोणती पाण्याची टाकी कोणाची, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तिथे एक तरणा, नसबंदी न झालेला नर धावत घुसला की त्यांच्या दृष्टीने तो खेळायला आलेला पाहुणा नसतो. शिवाय त्यांच्यात एखादी कुत्री माजावर असेल तर ब्रुनोच्या कानात तुमची हाक शिरणारच नाही. माज साधारण तीन आठवडे चालतो आणि वर्षातून दोनदा येतो, म्हणजे वस्तीत कोणी ना कोणी माजावर असतंच म्हणा. त्या भांडणांतून माझ्याकडे येणारी जखम बाहेरून हरभऱ्याएवढी दिसते. आत मात्र सुळ्याने कातडी स्नायूंपासून सोडवलेली असते. घरच्यांनी त्यावर हळद दाबलेली असते आणि चौथ्या दिवशी पू घेऊन ते येतात. हळद नको. साबण लावून नळाच्या धारेखाली भरपूर धुवा आणि त्याच दिवशी दाखवा. अनोळखी कुत्र्याने चावा घेतला असेल तर ब्रुनोचं रेबीजचं लसीकरण चालू असलं तरी पुन्हा एक डोस द्यावा लागतो. सोडवताना तुमच्या हाताला दात लागला तर तुम्हीही पंधरा मिनिटं हात धुवा आणि तडक रुग्णालयात जा. माणसाने उद्यावर टाकायची ही गोष्ट नाही.

कायद्याचंही बघा. पाळलेल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमाखाली गुन्हा आहे. "आमचा काही करत नाही हो" हे वाक्य, समोर टेकडी चढणाऱ्या आजोबांना धक्का लागून ते पडले की कामाला येत नाही. लॅब्रॅडॉर चावणार नाही कदाचित, पण तीस किलोचं जनावर आनंदाने अंगावर आलं तरी माकडहाड मोडतं.

आता डॉग पार्कबद्दल माझं मत सांगते. ते सगळ्यांना आवडत नाही. ज्यांना पार्क मिळत नाही त्यांना वाटतं आपला कुत्रा कशाला तरी मुकतोय. माझ्या अनुभवात फार थोड्या कुत्र्यांना वीस अनोळखी कुत्र्यांची संगत हवी असते. पिल्लू आणि उनाड वयातला कुत्रा कोणाशीही खेळतो. दोन-अडीच वर्षांनंतर बहुतेक कुत्री माणसांसारखीच निवडक होतात. ओळखीचे दोघे-तिघे पुरतात, बाकीच्यांनी लांबूनच नमस्कार करावा असं त्यांना वाटतं. मालक मात्र म्हणतो, "पूर्वी किती खेळायचा, आता चिडका झालाय." चिडका झालेला नसतो, मोठा झालेला असतो. ब्रुनो आत्ता त्याच उंबरठ्यावर आहे. त्यामुळे पुण्याची गंमत पुन्हा तशीच मिळवायचा हट्ट धरू नका.

त्याला लागतं काय? रोज दमेल इतकं चालणं, नाक जमिनीला लावून मनसोक्त हुंगणं, आणि आठवड्यातून एक-दोनदा दोरीशिवाय पळणं. हुंगण्याला लोक फार कमी लेखतात. अर्धा तास नव्या जागी हुंगत फिरलेला कुत्रा तासभर चेंडूमागे धावलेल्यापेक्षा शांत झोपतो, हे मी घरच्या आणि दवाखान्यातल्या कितीतरी कुत्र्यांत पाहिलंय. आणि हुंगणं लांब दोरीवरही होतं. मोकळं सोडायलाच हवं असं काही नाही.

ही लांब दोरी तुमचं पुढच्या दोन-तीन महिन्यांचं मुख्य हत्यार. नायलॉनची दोरी घेऊ नका, कुत्र्याने हिसका दिला की तळहात कापला जातो. बाजारात खाटेची नवार मिळते ना, सुती, रुंद? ती दहा मीटर घ्या आणि एका टोकाला मजबूत हूक शिवून घ्या. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना मी हाच सल्ला देते. नवार विकणारा विचारतो, "मॅडम, पलंग किती लांब हाय तुमचा?" हूक गळ्यातल्या पट्ट्याला लावू नका. दहा मीटर पळून एकदम झटका बसला तर मानेला इजा होते. छातीवरून जाणारा हार्नेस घाला आणि हूक त्याच्या पाठीवरच्या कडीत अडकवा. तुमच्या हातात मात्र नवारीचे वेढे गुंडाळू नका. बोट मोडून घेतलेले दोन मालक मला ठाऊक आहेत.

आता हाक. "ये" हा शब्द ब्रुनोपुरता वाया गेलाय. चाळीस मिनिटं तुम्ही तो ओरडलात आणि त्याला कळलं की हा आवाज नुसता येत राहतो, त्याने काही बिघडत नाही. नवा इशारा घ्या. मी शिट्टी सुचवते, कारण शिट्टीत राग ऐकू येत नाही. पहिला आठवडा घरातच. शिट्टी वाजवली की तो असेल तिथे जाऊन त्याच्या तोंडात उकडलेल्या कलेजीचा तुकडा. मग दुसऱ्या खोलीतून, मग गच्चीवर, मग गेटच्या आत. प्रत्येक वेळी कलेजी किंवा चिकन. बिस्किटावर भागवू नका, बिस्किट तर रोजच मिळतं. घरात मांसाहार नसेल तर पनीर चालतं. मनुके आणि चॉकलेट मात्र कधीच नको, ती कुत्र्याला विषारी आहेत.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नवार लावून बाहेर. इथे बहुतेक जण एकच चूक करतात आणि महिन्याची मेहनत घालवतात. ते फक्त निघायच्या वेळी बोलावतात. कुत्रा येतो, पट्टा लागतो, मजा संपते. चार दिवसांत तो शिकतो की शिट्टी म्हणजे खेळ खलास. म्हणून दहातल्या नऊ वेळा बोलवा, खाऊ द्या आणि "जा" म्हणून परत सोडा. आंघोळीसाठी, औषधासाठी, रागवण्यासाठी शिट्टी कधीच वाजवायची नाही. आणि तो उशिरा आला तर? तरी खाऊच. मला कळतं, अर्धा तास घाम गाळून झाल्यावर हात शिवशिवतो. पण तेव्हा मारलेला फटका त्याच्या हिशेबात पळून जाण्याबद्दल लागत नाही, परत येण्याबद्दल लागतो. पुढच्या वेळी तो अर्ध्या तासाऐवजी तासाने येईल.

किती दिवस लागतील हे कुत्र्यावर आहे. लॅब्रॅडॉर खादाड असतात, त्यामुळे तुम्हाला सोपं जाईल. माझी कसोटी साधी आहे. नवार जमिनीवर मोकळी पडलेली असताना, समोर दुसरा कुत्रा दिसत असताना, वेगवेगळ्या दिवशी दहा वेळा शिट्टी वाजवली आणि दहाही वेळा तो वळला, तरच नवार काढा. आठ वेळा वळला तर अजून महिनाभर थांबा. ज्या दिवशी ट्रक येतो तो दिवस नेमका त्या उरलेल्या दोनांतला असतो.

काही कुत्र्यांना मात्र कुंपणाशिवाय कधीच सोडू नये, कितीही शिकवलं तरी. आपल्याकडचे कारवान आणि पश्मी त्यात येतात. नजरेने शिकार हेरून तिच्यामागे वाऱ्यासारखं धावण्यासाठीच पिढ्यान्पिढ्या ही कुत्री निवडली गेली. ससा उठला की त्यांना मागचं जग उरत नाही. माझी स्वतःची कारवान होती, चंदी. हाकेला इतकी चोख की मी लोकांना तिच्यावर प्रात्यक्षिक दाखवायचे. एका डिसेंबरात तुरीच्या रानातून ससा निघाला आणि चंदी दोन शेतं ओलांडून काटेरी तारेत शिरली. छातीची कातडी ओंजळभर लोंबत होती. चौदा टाके मीच घातले, हात थरथरत असताना. त्या दिवसापासून ती जन्मभर नवारीवर. आणि ससा, काळवीट यांच्यामागे कुत्रा धावणं हे नुसतं धोक्याचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावराचा पाठलाग करणंही येतं. पैठणला धरणाच्या काठी तुम्ही ब्रुनोला घेऊन गेलात तर हे लक्षात ठेवा. जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, काठावर जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी असतात. तिथे पट्टा सोडायचाच नाही, आणि खरं सांगायचं तर कुत्रा न्यायचाच नाही.

आता सासऱ्यांच्या शेताकडे येऊ. शेत म्हटलं की शहरातल्या माणसाला हिरवं मैदान दिसतं. शेतकऱ्याला तसं वाटत नाही. "मॅडम, सोडा की, कुटं जायलंय? भाकरीच्या टायमाला येतंय," असं तुम्हाला तिथला सालगडी सांगेल, आणि त्याच्या कुत्र्याच्या बाबतीत ते खरं असेल. ते कुत्रं तिथे जन्मलं, त्याला विहीर कुठे हे माहीत आहे. ब्रुनोला नाही.

माझी सगळ्यात मोठी धास्ती शेततळ्याची आहे. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत शेततळी पुष्कळ झाली आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं. लॅब्रॅडॉरला पाणी दिसलं की तो उडी मारणारच. पोहायला त्याला उत्तम येतं, पण बाहेर यायला नखं रुतत नाहीत. तो काठाशी येतो, घसरतो, पुन्हा येतो, पुन्हा घसरतो आणि दमून बुडतो. माणसांची पोरंही अशीच गेली आहेत. तळ्याला चारही बाजूंनी जाळी नसेल तर त्या शेतात ब्रुनो मोकळा नको. सासऱ्यांना सांगून चारही काठांवर जाड दोराला जुने टायर बांधून पाण्यापर्यंत सोडायला लावा. कुत्र्यालाच नाही, घसरलेल्या माणसालाही धरायला काहीतरी होतं. तीच गत बिनकठड्याच्या विहिरीची, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा गवत तोंडापर्यंत वाढतं आणि विहीर दिसतच नाही.

दुसरं, रानडुकरांसाठी लावलेल्या तारा. बाजारातल्या झटका मशीनचा शॉक थांबून थांबून बसतो, कुत्रा किंकाळी फोडून पळतो आणि बहुधा वाचतो. पण कोणी थेट लाइनचा करंट तारेत सोडला असेल तर तिथेच संपतं. हे बेकायदा आहे, तरी होतं. म्हणून फक्त आपल्याच नाही, चारही बांधांना लागून असलेल्या शेतांत काय लावलंय हे आधी विचारून घ्या. त्याच बैठकीत फवारणी कधी झाली, उंदरांचं औषध कुठे ठेवलंय, हेही विचारा. कपाशीवर फवारणी झाल्याच्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस तिकडे जाऊच नका. कुत्रा पाय चाटतो, त्यामुळे पायाला लागलेलं पोटात जातंच.

बाकी बारीक गोष्टी आहेत. सराटे पायात घुसतात. गवताची कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरतात आणि आत आत सरकत जातात, त्यामुळे परतल्यावर चारही पाय उलटे करून बघा. कुत्रा एकाच बाजूला सारखी मान झटकत असेल तर कानात कुसळ आहे असं समजून दाखवायला आणा. गोचीड तर विचारूच नका. गोचिडातून येणारा ताप आमच्याकडे बारा महिने असतो. कुत्रा मलूल होतो, खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी मिळते, ती वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या. गोठ्यातलं, जनावरांना लावायचं औषध अंदाजाने ब्रुनोला लावू नका. सासरे प्रेमाने सुचवतील, तरी नाही. साप चावल्याचा संशय आला तर त्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि थेट दवाखाना. चिरा देणं, आवळपट्टी बांधणं यात वेळ घालवू नका.

आणि दिवाळीनंतर मेंढपाळांचे कळप रानात उतरतात, तेव्हा त्यांची कुत्री सोबत असतात. त्यांचं कामच परक्या कुत्र्याला मेंढरांपासून हाकलायचं. कळप दिसला की नवार आवळून घ्या आणि वाट बदला.

हे सगळं वाचून शेत रद्द करू नका. उलट माझं मत आहे की तुमच्यासाठी तीच सगळ्यात चांगली जागा आहे, फक्त सगळं शेत नाही. घराजवळचे चार-पाच गुंठे चेनलिंक जाळीने बंद करून घ्या. लॅब्रॅडॉरला पाच फूट उंची पुरते. खाली मात्र जाळी वीतभर मातीत गाडा, नाहीतर तो उकरून निघतो. कारवानला पाच फूट म्हणजे काहीच नाही, ते वेगळं. आत एक झाड, पाण्याची टाकी, पडीक लाकडाचे दोन ओंडके हुंगायला. पाच गुंठे लहान वाटतील, पण म्हणजे साडेपाच हजार चौरस फूट झाले, आणि तिथे ब्रुनोसोबत अजून एक-दोन ओळखीची कुत्री आली की तुमचा डॉग पार्क तयार झाला.

दर आठवड्याला शेतावर जाणं जमत नसेल तर शहरातल्या दोन जागा सुचवते, ज्या लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, बॉक्स क्रिकेटचे टर्फ. चारही बाजूंनी जाळी, एकच दार, आणि पहाटे बऱ्याचदा रिकामे. सगळे मालक कुत्र्यांना परवानगी देत नाहीत, लघवीच्या वासाची त्यांची तक्रार रास्त आहे. आमच्याकडच्या तीन कुटुंबांनी मिळून एकाला राजी केलं, तासाचं भाडं वाटून घेतात आणि जाताना पाणी मारून, विष्ठा उचलून जातात. उन्हात मात्र ते कृत्रिम गवत तव्यासारखं तापतं. दुसरी जागा मंगल कार्यालयाचं लॉन. चातुर्मासात लग्नं नसतात, कंपाउंडची भिंत असते, मालक ओळखीचा असेल तर चहावरही काम होतं. आधी एकदा स्वतः फिरून काचा, हाडं आणि दात कोरायच्या काड्या वेचून घ्या.

मराठवाड्यातल्या उन्हाबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण पुण्याहून आलात म्हणून सांगते. मार्च ते जून सकाळी सातच्या आत घरी परत. संध्याकाळी हवा निवते पण डांबर निवत नाही. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. टेकवत नसेल तर त्याचे पायही टेकणार नाहीत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. खेळताना धाप थांबतच नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय अडखळायला लागले, की खेळ बंद. अंगावर, पोटावर साधं पाणी भरपूर ओता, वारा घाला, मग दवाखान्यात आणा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होऊन उलटच काम करतो. लॅब्रॅडॉर चेंडूसाठी कोसळेपर्यंत धावतो, त्यामुळे थांबायचं कधी हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

राहिलं हैदराबाद. तिथे महापालिकेने कोंडापूरला २०१८ साली कुत्र्यांसाठी खास पार्क उघडला, सव्वा एकराच्या आसपासचा. जा, माझी हरकत नाही. नियम आणि वेळा आधी फोन करून विचारा आणि लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. रेबीजची लस, आणि पार्व्हो व डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची एकत्र लस वर्षाच्या आत झालेली हवी. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून लसींचा कोर्स पूर्ण न झालेलं पिल्लू कोणत्याही पार्कात नेऊ नये. ब्रुनोला तो प्रश्न नसावा. लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा भाग त्या लसीत आहे ना ते बघून घ्या, डबक्यातलं पाणी सगळीच कुत्री पितात. खोकल्याचीही एक लस मिळते, ती प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी द्या.

पार्कात पोचल्यावर लगेच आत शिरू नका. दहा मिनिटं जाळीबाहेर उभे राहा. ब्रुनोला बघू द्या, तुम्हीही बघा. आतली कुत्री आळीपाळीने एकमेकांमागे पळताहेत, मध्येच थांबताहेत, पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर करताहेत, तर खेळ आहे. एकच कुत्रा सतत पळतोय आणि बाकीचे तिघे-चौघे मागे आहेत, तर तो खेळ नाही. मालक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले दिसले तर दुसऱ्या वेळी या. दार उघडताच सगळी कुत्री दाराशी धावतात आणि बरीच भांडणं तिथेच होतात. म्हणून ती पांगेपर्यंत थांबा, आत जाताच पट्टा काढा आणि स्वतः चालत राहा. पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला भोवताली मोकळी कुत्री आली की पळता येत नाही, मग तो दात काढतो.

ब्रुनो तीस किलोचा आहे, म्हणून लहान कुत्र्यांच्या भागाकडे जाऊच नका. एखादं पॉमेरियन घाबरून किंचाळत पळालं की भल्याभल्या गरीब कुत्र्यातही शिकारी जागा होतो. तो क्षण दोन सेकंदांचा असतो आणि त्यात वाईटपणा कोणाचाच नसतो, पण पॉमेरियन मरतं. चेंडू, खाऊ खिशातच ठेवा. त्यावरून मारामाऱ्या होतात. दर पाच मिनिटांनी शिट्टी वाजवून त्याला बोलवा, तुकडा द्या, सोडा. खेळ जोरात आला असं वाटलं तर वरचढ कुत्र्याला पट्ट्याने बाजूला घ्या आणि दुसऱ्याला मोकळं ठेवा. तो परत स्वतःहून आला तर त्याला खेळायचं होतं. लांब निघून गेला तर उत्तर मिळालं.

भांडण लागलंच तर मध्ये हात घालून गळपट्टा धरू नका, तेव्हा तो तुम्हालाही चावेल, ओळखणार नाही. पाण्याची बादली किंवा बाटली तोंडावर रिकामी करा. तेवढ्याने सुटले नाहीत तर दोन माणसांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून हातगाडीसारखं मागे ओढायचं. एकट्याने केलंत तर दुसरा कुत्रा मोकळाच राहतो.

पहिल्या भेटीला वीस मिनिटं पुरेत. तो दमून भांडकुदळ व्हायच्या आत निघा. नसबंदीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पार्कात वारंवार न्यायचं असेल तर परत आल्यावर त्यावर बोलू. तिने सगळं सुधारतं असं मी म्हणणार नाही, आणि लॅब्रॅडॉरमध्ये सांध्यांचा विचार करून वय ठरवावं लागतं.

परत आल्यावर आठ-दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. घशात काहीतरी अडकल्यासारखा कोरडा खोकला आणि शेवटी फेस काढल्यासारखं झालं, तर हाड अडकलं समजून तोंडात बोटं घालू नका. बरेच जण तसंच करतात आणि चावून घेतात. तो बहुधा पार्कातून आणलेला खोकला असतो. त्याला पट्ट्याऐवजी हार्नेस घाला, दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवा, आणि दवाखान्यात येताना आत आणायच्या आधी बाहेरून फोन करा, म्हणजे वेटिंगमधल्या पिल्लांना मी आधी आत घेते.